राजाबाईंचं अंगण

बदलापूरच्या नव्या आराखड्यात महामार्गालगतची पट्टी गोदामांसाठी राखली आहे. घरं मागे, गोंगाटापासून लांब. पट्टीतलं जुनं घर राहणार, पण तिथला आवाज मर्यादेत असेल तरच. म्हणून मी आवाज मोजायचं यंत्र घेऊन राजाबाईंच्या अंगणात उभी होते.

समोरून ट्रक लागोपाठ जात होते. त्यांचा आवाज मात्र येत नव्हता.

यंत्राच्या माइकवर मी चाचणीचा ठरावीक सूर लावून पाहिला. आकडा अचूक आला. सूर बंद केला, तसा आकडा तळाला गेला.

"इथं असं शांत कधीपासून आहे?"

"गणपतीपासनं," तांदूळ निवडत राजाबाई म्हणाल्या. "आधी ट्रकचा आवाज गेला. बरं वाटलं. मंग कोंबड्यांचा गेला."

त्या बोलल्या की आकडा चढत होता, थांबल्या की उतरत होता. कुंपणावर कोंबडा मान ताणून, चोच उघडून उभा होता. आकडा तळालाच होता.

ओट्यावर बसलेले त्यांचे यजमान, आण्णा, माझ्याकडे बघून काहीतरी सांगू लागले. ओठ हलत होते, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. ते हाताने मला फाटकाकडे ढकलल्यासारखं करत होते.

"त्यांचा परवा गेला," राजाबाई म्हणाल्या. "त्यांचं सोडा. घर राहील ना, मॅडम? एवढं शांत घर अख्ख्या पट्टीत मिलणार नाय तुम्हाला."

"राहील," मी म्हणाले.

आकडा हलला नाही. राजाबाई माझ्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहत राहिल्या.