मसुद्यातली बहीण

"नाकारला? कसा नाकारला म्हणते मी! चला, नाना, माझ्याबरोबर."

डिक्शनरी मॅडम तरातरा जिना उतरल्या. कंपनीत वापरायच्या प्रत्येक शब्दाचा अर्थ त्या लिहून ठेवायच्या आणि त्या अर्थाबरहुकूम सगळी टेबलं चालायची, म्हणून हे नाव. मागून स्टोअरकीपर नाना, हातात नकाराचं पत्र. "जाऊ द्या हो, मॅडम," असं प्रत्येक पायरीला म्हणत.

मेडिक्लेमच्या टेबलावर मॅडमनी पत्र आपटलं. "यांच्या बहिणीचं डोळ्याचं ऑपरेशन. दोनदा नाकारलंत. 'अवलंबित' या शब्दात बहीण आहे, वाचता येत नाही का?"

टेबलामागच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्हीच लिहायचं आणि आम्हालाच झापायचं. बरंय की!" त्यांनी पडदा वळवला.

अवलंबित : पती किंवा पत्नी, मुलं, आई, वडील.

मॅडमनी ओळ वाचली. पुन्हा वाचली. 'वडील'नंतर पूर्णविराम होता. कोपऱ्यात हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं : प्रकाशित.

त्या वर आल्या. नानाही आले. मॅडमच्या पडद्यावर तोच शब्द उघडाच होता.

अवलंबित : पती किंवा पत्नी, मुलं, आई, वडील आणि कर्मचाऱ्यासोबत राहणारी बहीण.

कोपऱ्यात, राखाडी अक्षरांत : मसुदा.

लिहिणाऱ्याला नेहमी मसुदाच दिसतो. बाकीच्यांना, 'प्रकाशित'चं बटण दाबेपर्यंत, जुनंच.

नाना शेजारी उभे होते. काहीतरी बोलणं भाग होतं. मॅडम मनात जुळवू लागल्या.

मसुदा : नाना, चूक माझी. समितीनं कधीच हो म्हटलं होतं, नुसतं बटण दाबायचं होतं. पण त्यांनी लिहिलेलं 'निराधार बहीण' मला टोचलं. तो शब्द काढून 'सोबत राहणारी' घातलं, तेवढ्यात फोन आला. मग रोज उघडून बघायचे आणि रोज तुमची बहीण तिथं असायची. 'झालं, निर्धास्त राहा' असं तुम्हाला म्हणाले, तेव्हा मी फसवत नव्हते. माझ्या पडद्यावर ते झालेलं होतं.

प्रकाशित : "आत्ता करते, नाना."

त्यांनी बटण दाबलं. राखाडी अक्षरं हिरवी झाली. एवढंच. एका बोटाचं काम.

टेबलावरचा फोन वाजला. खालून मेडिक्लेमच्या बाई. "पडद्यावर आली हो बहीण! नवा अर्ज टाकायला सांगा त्यांना, आता अडकायचा नाही."

"टाकतो," नाना म्हणाले. "डाव्या डोळ्यासाठी टाकतो. अक्काचा उजवा गेला म्हणाले डॉक्टर. उशीर झाला." एखादा माल संपल्याचं सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

"अहो, मग पहिल्यांदा नाकारला तेव्हाच मला का नाही..."

"तुम्ही झालं म्हणाला होतात ना. मग कशाला मागे लागायचं? वाटलं, खाली कुणीतरी घोळ घातला असेल, निस्तरेल. भाचा ऑपरेशनचे पैसे घेऊन आला होता, तर अक्कानंच परत पाठवला त्याला. म्हणाली, मॅडमनी सांगितलंय, मग थांबू या."

 

नाना पडद्याकडे वाकले. ओळीखालून बोट फिरवत, ओठ हलवत, सावकाश वाचू लागले. शेवटच्या शब्दावर बोट थांबलं.

"छान लिहिलंय हो. सरकारी कागदासारखं निराधार-बिराधार म्हटलं नाहीत, हे फार बरं केलंत. लागलं असतं तिला."

मॅडम कीबोर्डकडे बघत राहिल्या.

"एक कागद छापून द्याल का याचा? दाखवतो घरी." नाना जरा घुटमळले. "अक्षर तेवढं मोठं घ्या."