पडलेले कागद

रोदिऑन येगोरोविचच्या हातातले भूमिकेचे कागद थिएटरच्या आतल्या बोळकंडीत फरशीवर पसरले. पडलेली भूमिका उचलण्याआधी तिच्यावर बसायचं, नाहीतर ती हातची जाते, हे रशियातल्या प्रत्येक नटाला ठाऊक असतं. तीस वर्षं सिनेमात सुरुवातीलाच मरणारे शिपाई आणि नाटकात चिठ्ठी देऊन जाणारे नोकर केल्यावर कुठे त्याला सेनापती मिळाला होता. त्यासाठी दुखरा गुडघासुद्धा त्यानं सगळ्यांपासून लपवला होता.

तो कागदांवर बसला. भूमिका शाबूत राहिली, पण आता काही केल्या उठता येईना!

तेवढ्यात दिग्दर्शिका ताईसिया पावलोव्हना आली.

“खाली काय करताय?”

“संवाद पाठ करतोय.”

“मग उभं राहून करा की.”

त्यानं भिंत धरली, अर्धामुर्धा उठला आणि धप्पकन बसला. शेवटी तिनंच हात देऊन त्याला उठवलं, कागद गोळा केले.

“सेनापतीला तलवारबाजी आहे, रोदिऑन येगोरोविच. तुम्ही आजोबा करा. ते खुर्चीतून उठतच नाहीत.”

“अहो, पण मी बसलो होतो ना त्यावर!” तो ओरडला.

ती दचकली आणि कागद तिच्याही हातून निसटले. आता नव्या सेनापतीची भूमिका जाऊ नये म्हणून ती कागदांवर बसली. साठी तिचीही उलटली होती. जरा वेळानं तिनं हात वर केला.

“उठवा ना मला.”

“राहू द्या,” तो लंगडत निघाला, “संवाद पाठ करा.”