पहिल्या उडीचा खोळंबा

पडद्यावरच्या पाणबुड्यानं होडीच्या काठावरून उडी घेतली आणि तो हवेतच थांबला. एक, दोन, तीन सेकंद. मग बुडाला. दुसऱ्या उडीला काही झालं नाही, तिसरीलाही नाही.

देवव्रतनं शेजारची नोंद पाहिली. गेम कोणाच्या कोडमुळे अडतो हे दाखवणारं ते टूल त्यानं स्वतः लिहिलं होतं, आणि टीममधल्या प्रत्येकानं ते वापरायचंच, हा दंडकही त्याचाच. सर्वांत वर लाल अक्षरांत होतं: संजीवनी, तीन सेकंद. हे नाव त्यानं कालच मन्सूरसाहेबांना कळवलं होतं. तिचं कॉन्ट्रॅक्ट वाढवायचं की नाही, ते साहेब आज ठरवणार होते. आखातातल्या, वेस्ट बेच्या त्या ऑफिसात शुक्रवारच्या सुट्टीमुळे गुरुवारी दुपारनंतर कोणी थांबत नाही, आणि आज गुरुवारच होता; जे काय व्हायचं ते दोनच्या आत.

संजीवनी त्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले, आवाज मात्र सरळ.

"सर, माझं कोड स्लो आहे ना? मग दुसऱ्या उडीला का अडत नाही?"

"पहिल्यांदा काहीतरी लोड होत असेल तुझं."

"माझं काहीच लोड होत नाही. उडी मारली की मी तुमच्या टूलमध्ये एक ओळ लिहिते, बस. तुम्हीच सांगितलं होतं म्हणून. बाकी सगळ्यांच्या ओळी माझ्यानंतर येतात."

देवव्रतला गावचा हातपंप आठवला. पहाटे पहिल्या बाईला वीस वेळा दांडा हापसावा लागतो, मागचीची घागर लगेच भरते. म्हणून पहिलीला कोणी आळशी म्हणत नाही.

त्यानं गेम सुरू होतानाच, पाणबुडा होडीत चढायच्याही आधी, स्वतःच्या कोडमधून टूलला एकदा उगाचच हाक मारली. मग गेम चालवला. पाणबुडा सुळकन पाण्यात गेला. संजीवनीचं नाव यादीत पार तळाला होतं. वर लाल अक्षरांत होतं: देवव्रत, तीन सेकंद. तेवढा वेळ त्याचं टूलच जागं व्हायला घेत होतं.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि दोर त्यानंच वळला होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी एक पळवाट होती. लाल ओळ पुसायची आणि संजीवनीनं स्वतःची चूक दुरुस्त केली, एवढंच सांगायचं. तिची नोकरी राहिली असती, त्याची अब्रूही. बोट ओळ पुसायच्या बटणापर्यंत गेलंसुद्धा.

तेवढ्यात मन्सूरसाहेब गाडीची किल्ली खेळवत आले. "यल्ला, चलो देव! हो गया? लड़की ने गलती सुधार ली?"

देवव्रतनं बोट काढून घेतलं आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. साहेबांनी वाकून वाचलं.

"ये तो तुम्हारा नाम है."

"जी," देवव्रत म्हणाला. "कल भी मेरा ही होना चाहिए था."