पिठातली अक्षरं

सासूबाई मागल्या दारी बोंबील साफ करायला बसल्या आणि दिशाने ओट्यावर तांदळाचं पीठ पसरलं. इअरफोनमध्ये माजिवड्याच्या क्लासच्या मॅडम बारावीचं इंग्रजी शिकवत होत्या: कर्ता आणि क्रियापद दोन्ही असतील तर क्लॉज, नाहीतर फ्रेज. तिने पिठात बोटाने लिहिलं, ‘आफ्टर लंच’. त्याखाली, ‘आफ्टर वी ईट’. फरक कळला तशी एकटीच हसली. ‘लग्नानंतर कसला अभ्यास’ म्हणतील, या धास्तीने ती रोज अशीच शिकायची आणि सासूबाई दिसल्या की सगळं पुसायची. आज वळली तर त्या मागेच उभ्या. तिचा तळवा अक्षरांवर पडणार, तोच त्यांनी मनगट धरलं. “पुसू नको गो. रोज पुसतेस, मंग ध्यानात कसं राहील?” हात धुऊन, डब्यातलं दुसरं पीठ घेऊन त्या स्वतःच भाकऱ्या थापू लागल्या. “जेवल्यावर मला पन सांग, काय लिवलंस ते.”