तेलाचं बोट

गाडी कोपऱ्यावरच्या मारुतीच्या देवळापाशी जरा थांबली, वळली आणि दिसेनाशी झाली. ब्रेक वाजला नाही.

धुरपदा ओट्यावर उभी होती. डोळे भरलेले होते, तरी तिला हसू आलं. बाळंतपणाला आलेली शितल तान्ह्या समृद्धीला मांडीवर घेऊन सासरी निघाली होती, मांडवगणहून पाटसला. काल जावई न्यायला आले तेव्हा दारात थांबताना गाडी अशी किंचाळली होती, की पाळण्यातलं लेकरू दचकून निळं पडेस्तोवर रडलं.

“दाजींची गाडी आज गपगुमान गेली,” दत्ता म्हणाला. धाकटा लेक तो. शिक्रापूरच्या कंपनीतून बहिणीसाठी सुट्टी टाकून आला होता. “काल तर गल्लीतली समदी कुत्री उठवली हुती.”

“मग? मीच बंद केला तिचा आवाज.”

“तू? मंतर टाकला व्हय?”

“मंतर कशाला. तुम्ही जेवत हुता तवा चाकाला तेल दिलं.”

काल रात्री सत्यजीतनं, म्हणजे जावयानंच, सगळं समजावून सांगितलं होतं. ही हायब्रीड गाडी, निम्मी पेट्रोलवर, निम्मी बॅटरीवर. हळूहळू थांबवली की मोटारच चाक धरते. खऱ्या ब्रेकला काम पडत नाही, तो बसून बसून गंजतो, म्हणून वाजतो. “वाजू द्या हो मामी, काय होत नाही. घरी गेलो की साफ करून घेतो.”

त्यातलं गंज तेवढं धुरपदेच्या ध्यानात राहिलं. पाळण्याची कडी करकरायची तेव्हा ती एरंडेलात बोट बुडवून कडीवर फिरवायची आणि नातीसाठी गुणगुणायची:

पाळण्याच्या कडी, तुला तेलाचं देते बोट
निजली माझी मैना, नको उघडूस ओठ

कडी ऐकायची. मग चाक का ऐकणार नाही? आज जावई ताटावर बसले आणि ती एरंडेलाची वाटी घेऊन गाडीपाशी गेली. चाकाच्या आऱ्यांमधून बोट आत घातलं. गार, चकचकीत चकती हाताला लागली. एका बोटानं भागेना, तशी तिनं पुढच्या दोन्ही चाकांत वाटी रिकामी केली. ओवी म्हणत म्हणत.

दत्ता हसायचा थांबला होता.

“आई, तेल नेमकं कुठं दिलंस? बाहेरच्या लोखंडाला का आतल्या चकतीला?”

“चकतीला. तीच वाजती न्हवं.”

तो ओट्यावरून उतरला आणि गाडी उभी होती त्या जागी उकिडवा बसला. मातीत तेलाचे ओघळ होते. त्यानं बोट लावून वास घेतला.

“अगं, त्याच चकतीला दोन्ही अंगानं चिमटा बसतो, तवा गाडी थांबती. तेलावर त्यो चिमटा काय धरंल?”

“पर थांबली की आत्ता. मारुतीपाशी.”

“हळू हुती. मोटारनं थांबवली. गचकन दाबायची पाळी आली, की खरा ब्रेक लागतो.” तो उठला. “तवर दाजींना कळायचं सुदिक न्हाई.”

पुढचं त्याला सांगावं लागलं नाही. कारखान्याचं गाळप जोरात होतं. पाटसच्या वाटेवर उसाच्या ट्रॉल्या एकीमागं एक, मोळ्या बाहेर आलेल्या, कधी कुठं थांबतील नेम नाही.

दत्तानं फोन लावला. वाजत राहिला. शितलला लावला. तोही वाजत राहिला.

“दोघंबी उचलंनात.”

का ते धुरपदेला ठाऊक होतं. लेकीची ओटी भरताना तिनंच दोघांना लेकराच्या गळ्याची आण घातली होती. घरी पोचेस्तोवर फोनला हात लावायचा नाही, फोनवर बोलत गाडी चालवणाऱ्यांचे हाल रोज ऐकते मी. सत्यजीतनं हसत हसत दोन्ही फोन कपड्यांच्या बॅगेत टाकले, बॅग डिक्कीत ठेवली, वर डिक्की लावून तिच्याकडं पाहिलं. “बघा मामी, तुमच्यासमोर.”

“मी नदीच्या पुलाअलीकडं गाठतो त्यांना,” दत्ता मोटारसायकलवर बसत म्हणाला. “तू तुझ्या फोनवरनं लावत ऱ्हा.”

सावकाश जा, असं ती दर वेळी म्हणायची. आज तिनं हातानंच पळ अशी खूण केली.

घरात आली. फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मग तो खिडकीत ठेवून ती नुसतीच उभी राहिली. खोलीत अजून शेकशेगडीच्या ओव्याचा वास होता. पाळण्यात दुपटं तसंच पडलेलं, मधे डोक्याएवढा खळगा.

खिडकीतून वारं आलं आणि पाळणा हलू लागला.

रिकामा पाळणा हलू द्यायचा नसतो. तिच्या आईनं तिला सांगितलेलं, तिनं शितलला. वर कडीकडं तिनं पाहिलं. कडी फिरत होती, पण ओठ उघडत नव्हती.

तिनं पाळण्याची दांडी धरली. हात निसटला. बोटांना अजून एरंडेल होतं. तिनं तळवे पदराला पुसले, पुन्हा पुसले, आणि दांडी छातीशी घट्ट आवळून धरली. पाळणा थांबला.

तेवढ्यात खिडकीतला फोन वाजू लागला.

पाळणा आता जागचा हलत नव्हता. तरी तिला हात सोडवेना.