चित्रावरची फिल्म

नव्या वस्तूवरचं प्लास्टिक काढायचं नाही, असा आईचा नेमच होता. रिमोटला ते होतं, फ्रिजच्या दाराला होतं. मग अ‍ॅक्रिलिकवर छापलेलं नवं चित्र तरी कसं सुटणार?

"अगं, आधीच त्यात काय काढलंय ते कळत नाही," बाबा म्हणाले, "आणि वर तू त्याला रेनकोट घालून ठेवणार!"

"कळत नाही म्हणूनच भारी दिसतं. आणि ओरखडा पडला म्हणजे?"

बाबांनी ऐकलं नाही. त्यांनी वरच्या कोपऱ्यातून धुरकट फिल्म सोलत आणली, तशी निळ्या-शेंदरी फराट्यांवर सगळी खोली आरशासारखी उमटली. दिवा, बाबांचं टक्कल, सोफा. आई हसायला गेली आणि मध्येच थांबली.

सोफ्यावर लेक पाय हलवत पुस्तक वाचत होती. चित्रातला सोफा मात्र रिकामा होता.

उजेडाचा खेळ असेल म्हणून आई सोफ्यावर जाऊन बसली आणि तिने लेकीला मांडीवर ओढून घेतलं. चित्रातल्या आईने हवेलाच मिठी मारली होती.

"अहो, थांबा," ती कशीबशी म्हणाली.

"आता कसला थांबतोय? एवढा खालचा कोपरा राहिलाय." बाबा वाकले.

त्या कोपऱ्यातली फिल्म आतून फुगली. एक इवलासा तळहात तिच्यावर थापट्या मारत होता, आणि आतून "आई, आई" असा घुसमटलेला आवाज येत होता. आवाज लेकीचाच होता.

मांडीवरची मुलगी आईला घट्ट बिलगली.

"बाबा," ती लाडात म्हणाली, "तेवढं राहू द्या ना."