'योनेयामा' सेवेत आहे

जपानी क्रूझर 'योनेयामा' सॉलोमन बेटांपाशी मंगळवारी सकाळी बुडाली. बुधवारी सकाळी नेहमीप्रमाणे तिचा डेक झाडला गेला.

बुडाल्याची बातमी शत्रूच्या रेडिओची. आपल्या मुख्यालयाने लगेच खुलासा केला, 'योनेयामा' सेवेत आहे. मुख्यालय बोललं म्हणजे विषय संपला.

त्याला आता चार महिने झाले. खलाशी तोकुनागाला पूर्वी लाट नुसती बघूनही उलटी व्हायची. हल्ली तो तीन-तीन वाट्या भात चेपत होता.

"पक्का दर्यावर्दी झालास की रे!" तोफेवरचा म्हातारा ओनिझुका म्हणाला.

"झालो खरा. पण वस्ताद, उद्या घरी जाणारं जहाज येतंय म्हणे. माझी पोरगी रांगायला लागली असेल. अजून तोंड बघितलं नाही तिचं."

"त्यात जागा फक्त जहाज बुडालेल्यांना."

"मग आपलंही बुडालं असतं तर..."

"गप! कॅप्टनसाहेबांनी ऐकलं तर तुला इथंच बुडवतील."

तेवढ्यात टेहळ्या ओरडला, "विमान!"

सगळे आपापल्या जागी धावले. अमेरिकन विमान एकटंच होतं आणि सरळ त्यांच्यावरच येत होतं. ओनिझुका तोफेमागे वाकला. तोकुनागाने डोळे मिटून मुलीचं नाव पुटपुटलं.

विमान इतकं खाली आलं, की वैमानिकाचे दात दिसले. त्याने एक घिरटी घातली, हात हलवला आणि एकही बॉम्ब न टाकता निघून गेला.

मग एक जण हसला, आणि बघता बघता सगळे पोट धरून हसू लागले.

"घाबरला," ओनिझुका म्हणाला.

"तुमच्या थोबाडाला," तोकुनागा म्हणाला, आणि आज चक्क मार न खाता सुटला.

आचाऱ्याने त्या आनंदात सकाळीच तोडलेला ताजा भोपळा शिजवला. कॅप्टन काजिवारांनी दोनदा मागून घेतला. मग तोंड पुसून, कागद पुढे ओढून त्यांनी चार महिन्यांतला सतरावा अर्ज लिहिला.

"मुख्यालयाच्या सेवेशी सविनय सादर. शत्रूचे विमान आजही हात हलवून गेले. तोफांच्या जागी लावलेली नारळाची खोडे सुस्थितीत जमा करण्यात येतील. तरी आमची क्रूझर बुडाल्याचे कृपया अधिकृतरीत्या जाहीर करावे, आणि आम्हा वाचलेल्या दोनशे अकरा जणांना वाळूत काठीने आखलेल्या या जहाजावरून उतरून उद्याच्या जहाजाने घरी जाण्याची परवानगी मिळावी, ही विनंती."